लोगो छापणाऱ्यांच्या बाजूने, पण अर्धीच

अ‍ॅस्ट्रालिस या डॅनिश ई-स्पोर्ट्स संघटनेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "जिंकतात पाच पोरं आणि कौतुक संघटनेचं. संघटना करते काय? जर्सीवर लोगो छापते आणि बक्षिसातला वाटा घेते." पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडलो. दोन दिवसांनी पुन्हा वाचलं तर निम्मं पटलेलं होतं. म्हणून हे लांबलचक उत्तर.

सामना सुरू झाला की स्क्रीनसमोर पाचच जण असतात, हे खरंच आहे. काउंटर-स्ट्राइक या पाच-विरुद्ध-पाच नेमबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये तर 2016 पासून राउंड चालू असताना प्रशिक्षकाला बोलायचीही मुभा नव्हती. टाइमआउट चार, तीस-तीस सेकंदांचे. बाकी वेळ या संघाच्या झोनिकसारखा जाणता प्रशिक्षक खुर्च्यांमागे हाताची घडी घालून उभा. पण 'मालक एकीकडे, पोरं दुसरीकडे' ही तुमची वाटणी निदान या संघटनेच्या जन्माला लागू पडत नाही. टीम सोलोमिडमधून बाहेर पडलेल्या डॅनिश खेळाडूंनीच गुंतवणूकदार सोबत घेऊन जानेवारी 2016 मध्ये ती उभी केली. त्यात त्यांचा स्वतःचा हिस्सा होता.

आणि त्या वर्षी या पाच जणांची ख्याती काय होती? उपांत्य फेरीपर्यंत रुबाबात यायचं आणि तिथे कच खायची. नेम चांगला, डोकं चांगलं, पण मोक्याच्या क्षणी हात थरथरायचे. ऑक्टोबरमध्ये कर्णधार करिगन गेला, त्याच्या जागी ग्लेव आयजीएल, म्हणजे चालू खेळात डावपेच सांगणारा नायक, झाला. हा बदल तुमच्या बाजूने मांडा. त्याच सुमारास संघटनेने फिनलंडच्या क्रीडा-मानसशास्त्रज्ञ मिया स्टेलबर्ग यांना बोलावलं. हा माझ्या बाजूने. जानेवारी 2017 मध्ये अटलांटाच्या मेजरची, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात मानाच्या स्पर्धेची, अंतिम फेरी, समोर व्हर्टस प्रो. पहिला मॅप, म्हणजे एका रणांगणावरचा डाव, हातचा गेला, पुढचे दोन्ही 16-14 ने जिंकले. आता यात ग्लेवचा वाटा किती आणि स्टेलबर्ग यांचा किती, हे तराजूत घालून दाखवा म्हणालात तर मी हात जोडतो.

पण एक गोष्ट दाखवता येते. न्यूक या मॅपवरचा एखादा जुना डेमो, म्हणजे सामन्याचं रेकॉर्डिंग, काढा. हल्ला करणाऱ्यांना उघडं अंगण ओलांडून खालच्या बॉम्बसाइटकडे, म्हणजे बॉम्ब लावायच्या जागेकडे, उतरायचं असतं, आणि पलीकडे एक स्नायपर टपलेला असतो. तिघांनी तीन स्मोक, म्हणजे धुराचे ग्रेनेड, टाकायचे. प्रत्येकाची उभं राहायची जागा ठरलेली, छपराच्या कुठल्या कोपऱ्यावर क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, लावायचा तेही ठरलेलं. उडी मारता मारता फेकायचे. तिन्ही शेजारी शेजारी पडले तर धुराची भिंत उभी राहते, साधारण अठरा सेकंद. एक जरी इकडेतिकडे पडला तर भिंतीत फट राहते, आणि स्नायपरला तेवढी पुरते. अ‍ॅस्ट्रालिसच्या डेमोत ही फट शोधताना मी कितीदा कंटाळलोय! खेळातल्या पैशांत स्मोकची किंमत तीनशे, डोळे दिपवणाऱ्या फ्लॅशची दोनशे, म्हणजे कुठल्याही संघाला परवडणारी सामग्री. प्रश्न सरावाचा होता. स्क्रिम, म्हणजे दुसऱ्या संघाशी सराव सामने, सगळेच खेळतात. पण रोज तेच तेच कंटाळवाणं काम करायला मोकळा वेळ लागतो, आणि तो मिळायचा तर कुणीतरी आयोजकांना 'या स्पर्धेला येत नाही' असं सांगावं लागतं. हे सांगणं संघटनेचं काम. फेब्रुवारी 2018 मध्ये मॅजिस्क हा खेळाडू आला आणि पुढे लंडन, कातोविच, बर्लिन अशा सलग तीन मेजर जिंकून झाल्या. मधल्या काळात 10 लाख डॉलरचं इंटेल ग्रँड स्लॅम हे बक्षीसही.

आता पैशाकडे येऊ, कारण तुमचं निशाण मुळात तिथेच आहे. बक्षिसातल्या वाट्यावर हा धंदा चालत नाही हो. एका मेजरच्या विजेत्याला तेव्हा 5 लाख डॉलर मिळायचे. चार मेजर म्हणजे 20 लाख, तेही अडीच-तीन वर्षांत, आणि बक्षिसाचा मोठा वाटेकरी खेळाडूच. पगार, प्रवास, बूटकॅम्प (सरावाची शिबिरं), प्रशिक्षक हा खर्च त्यात कुठून निघणार? पैसा येतो स्पॉन्सरकडून, लीगच्या वाट्यातून, खेळात विकल्या जाणाऱ्या संघाच्या स्टिकरांतून. यातल्या बहुतेकांना हवं असतं एकच: संघ सतत पडद्यावर दिसला पाहिजे.

लेखात मी जे टाळलं ते इथे आहे. अ‍ॅस्ट्रालिस ज्या आरएफआरएसएच कंपनीची होती, तीच ब्लास्ट ही स्पर्धा भरवायची. मग 2019 मध्ये संघ इतर काही स्पर्धा सोडतो आणि ब्लास्टला मात्र हजर असतो, तेव्हा ती विश्रांती की घरचं कार्य, असं लोकांनी विचारलं. रास्त विचारलं. त्याच वर्षी संघ आणि ब्लास्ट वेगळे झाले. डिसेंबरमध्ये अ‍ॅस्ट्रालिस ग्रुप कोपनहेगनच्या शेअर बाजारात उतरला: 8.95 क्रोनरला एक शेअर, उभारणी सुमारे 15 कोटी क्रोनरची. एका हातात दमलेल्या खेळाडूंचं वेळापत्रक, दुसऱ्या हातात भागधारकांना दाखवायचे आकडे.

मे 2020 मध्ये ग्लेव तणावामुळे सुट्टीवर गेला आणि पाठोपाठ त्याचा सहकारी झिपनाइन. क्लचमध्ये, म्हणजे एकट्याने तीन-चार जणांना तोंड देताना, ज्याचा श्वास चढत नाही म्हणून ख्याती होती तो झिपनाइन! स्वस्थपणा हेच ज्या संघटनेचं भांडवल, तिच्याच घरात तो संपला होता. त्यांना सुट्टी दिली, बदली खेळाडू आणले, दोघं परतलेही. हे चांगलं केलं. पण वेळ तिथवर आलीच कशी, हे माझ्या लेखाने विचारायला हवं होतं.

आणि तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तुम्ही वापरलाच नाहीत, तो मीच देतो. 2021 च्या एप्रिलमध्ये संघाचा स्नायपर डिव्हाइस निंजाज इन पजामाज या संघाकडे गेला. वर्षअखेरीस डुप्री, मॅजिस्क आणि झोनिक यांचे करार संपले आणि तिघंही व्हिटॅलिटी या दुसऱ्या संघटनेत गेले. मे 2023 मध्ये पॅरिसची मेजर व्हिटॅलिटीने जिंकली. डुप्रीची ती पाचवी. अ‍ॅस्ट्रालिसकडे लोगो राहिला, कार्यालय राहिलं, लीग ऑफ लेजेंड्स या दुसऱ्या खेळाच्या लीगमधली जागा राहिली, आणि पुढे तीही कार्मिन कॉर्प या संघटनेला विकली गेली. स्मोक कुठे आणि केव्हा टाकायचा हे ज्ञान मात्र तीन माणसांबरोबर दाराबाहेर पडलं.

फक्त त्या तिघांत एक प्रशिक्षक होता, जो राउंडमध्ये तोंडही उघडू शकत नव्हता. तुमच्या पाच पोरांत त्याला कुठे बसवणार?

मूळ लेखातलं "अ‍ॅस्ट्रालिसने खेळाडू घडवले" हे वाक्य मी आज काढलंय. आरएफआरएसएच आणि ब्लास्टबद्दलचा परिच्छेद घातलाय. 'लोगो छापते' याला मात्र अजून माझी हरकत आहे; तो न्यूकचा डेमो बघून झाला की लिहा.