राहू द्या पाव्हणं, एसटी आली

मला आंबेनळी घाटात एका म्हाताऱ्याने भर वळणावर सोडलं. नीट वाचा. गाडी माझी, पेट्रोल माझं, लिफ्ट मी दिलेली, आणि सोडलं त्याने. घरी येऊन अंगदुखी गेली, कमरेचा पट्टा पण निघाला, हे काही डोक्यातून जात नाहीये.

तर आम्ही सोलापूरची पोरं (पोरं म्हणजे चाळिशीची, पण ग्रुपवर पोरंच), बुलेट घेतल्यापासून सगळ्यांचं एकच, घाट मारायचा. तारीख ठरेना, कारण आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि प्रत्येकाच्या भागात वेगळ्या दिवशी येतं, म्हणजे एकाचा ड्रम भरला की दुसऱ्याचा रिकामा, आणि ड्रम रिकामा असताना "मी बाईकवर फिरायला चाललोय" असं बायकोला सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. शेवटी निघालो एकदाचे. पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, सातारा, मग मेढ्यावरून केळघर घाट चढून महाबळेश्वर. पंढरपूर ते दहिवडी सांगण्यासारखं काही नाही, रस्ता सरळ आणि ऊन पण सरळच. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबेनळी घाट उतरून प्रतापगड, तिथून पोलादपूर आणि मग कोकणात मासे, असा बेत.

आता सोलापूरच्या माणसाला घाट म्हणजे काय ते आधी समजून घ्या. आमच्या गावात चढ म्हणजे स्पीड ब्रेकर, आणि वळण म्हणजे रस्ता खणलाय म्हणून दुसऱ्या बोळातून जाणं. घाट म्हणून आहे तो तुळजापूरचा एक, आणि तिथे कोजागिरीला लोक सोलापुरातून रात्रभर चालत जातात, म्हणजे आमचा घाट पायी होतो एवढा आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण 1,350 मीटरवर आणि पोलादपूर जवळपास तळाला, नि ते सगळं खाली यायचं चाळीसेक किलोमीटरमध्ये. मी घाबरलो नव्हतो. मी नियमाने चालवत होतो. उताराला खालचा गिअर ठेवायचा, गाडी इंजिनावर रोखून धरायची, ब्रेक सारखा दाबून ठेवला तर तापतो आणि ऐन वेळी धरत नाही, चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, वळणावर हॉर्न. हे सगळं मी पाळत होतो आणि म्हणून मी मागे होतो. आमची बाकीची पोरं दोन वळणांत दिसेनाशी झाली. थांबतो म्हणाले होते.

महाबळेश्वर सोडून थोडं खाली आलो तर रस्त्याच्या कडेला एक आजोबा उभे. धोतर, टोपी, पायात टायरच्या चपला, आणि हातात नवं कोरं लोखंडी घमेलं. बाजारातून घेतलेलं, आत सुतळीने बांधलेला खिळ्यांचा पुडा. हात केला, मी थांबलो. मीच थांबलो हो.

"पाव्हणं, वाड्यापत्तुर सोडता का? एसटी कवा येईल नेम न्हाय."

वाडा म्हणजे वाडा कुंभरोशी, प्रतापगडाच्या फाट्याचं गाव. म्हटलं बसा. आजोबा बसले ते एका बाजूला दोन्ही पाय सोडून. मी म्हटलं आजोबा घाट आहे, दोन्हीकडे पाय टाकून बसा. मग धोतर सावरत, माझ्या खांद्याचा आधार घेत, खांदा जवळजवळ उपटत बसले. घमेलं ठेवलं आमच्या दोघांच्या मध्ये, उभं. त्याची कड बरोबर माझ्या जॅकेटच्या खाली, जिथे पॅडिंग संपतं तिथे. सहा हजारांचं जॅकेट, पाठीला आर्मर, कोपराला आर्मर, खांद्याला आर्मर. घमेल्याचा विचार त्या कंपनीने केलेला नाही.

पहिलं वळण. मी गाडी डावीकडे झुकवली, आजोबा उजवीकडे झुकले. ताठ, गाडीचा आणि आपला काही संबंध नाही असे. दुसरं वळण, मी उजवीकडे, ते डावीकडे. मी म्हटलं आजोबा, गाडी जिकडं वाकते तिकडं वाकायचं. तर म्हणाले, "तुमी तिकडं वाकताय म्हून म्या हिकडं वाकतोय, दोघं बी एकीकडं वाकलो तर पडंल की."

यावर काय बोलणार? चुकीचं आहे, पण ऐकायला इतकं बरोबर वाटतं की मी पुढची दोन वळणं त्याच विचारात घेतली.

मग गाडीचा आवाज त्यांना खटकला. सेकंड गिअरला उतारावर इंजिन घुमतंच. "गाडी रडतीया," म्हणाले. मी इंजिन ब्रेकिंग समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नवीन शिकलाय व्हय?" त्यांचा नातू म्हणे इथून इंजिन बंद करतो ते थेट वाड्यात चालू करतो, पेट्रोल एक थेंब जळत नाही. मी म्हटलं अहो ते धोक्याचं आहे. "आसंल," म्हणाले. त्या एका "आसंल"मध्ये एवढा अपमान होता ना, तो माझ्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांना पण कधी जमला नाही.

"कुठलं म्हणायचं तुमी?"

"सोलापूर."

"तरीच."

मी विचारलं तरीच काय. तर म्हणाले सपाटीवरच्या माणसाचं ह्या मुलखात काही खरं नाही, आणि सरळ अफझलखानावर आले. म्हणजे मी हेअरपिनवर, समोरून टेम्पो चढतोय, डाव्या हाताला दरी, आणि मागून खानाची स्वारी सुरू. खान विजापूरहून निघाला, तुळजापूर केलं, पंढरपूर केलं, वाईला तळ टाकला आणि शेवटी जावळीत उतरला. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली त्याचं काय झालं ते चौथीच्या पोराला पण पाठ असतं. "येता जावळी, जाता गोवली," आजोबा म्हणाले. जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांच्या तोंडचं म्हणून सांगतात ते, म्हणजे जावळीत आलात तर अडकलात. मग हळूच, "तुमच्याच बाजूनं आला हुता की त्यो."

"आमच्या नाही हो. विजापूर कर्नाटकात आहे."

"आता हाय. तवा कुठं हुता कर्नाटक? तवा सोलापूर बी आदिलशाहीतच हुतं."

मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्त राग आला. आणि आम्ही पण पंढरपूरवरूनच आलो होतो हे मी सांगितलं नाही.

ह्या गप्पांत मी अजून हळू झालो असेन, पण त्याला कारण होतं आणि ते कारण एमएच पासिंगच्या पांढऱ्या गाड्या आहेत. आंधळ्या वळणावर, बरोब्बर वळणावर, गाडी लावून लोक माकडांना वेफर्स घालत होते. पुढे अजून एक गाडी, दार रस्त्याच्या बाजूला सताड उघडं, बाई दरीकडे तोंड करून उभी आणि नवरा रस्त्याच्या मध्यभागी फोन आडवा धरून मागे मागे येतोय. हॉर्न दिला तर असा बघतो की मी त्याच्या बेडरूममध्ये घुसलो. 2021 च्या जुलैमध्ये हाच घाट पावसाने जागोजाग खचून बंद पडला होता, रस्ता मुश्किलीने परत उभा केलाय, आणि त्यावर हे वेफर्स. माकडं पण आता पाकीट फोडून द्या म्हणतात. कोपऱ्यात खडी सांडलेली, आरसा असायला हवा तिथे आरसा नाही, आणि कुणाला सांगायचं तर सांगणारा येडा ठरतो. असो. रक्तदाब आहे मला.

तेवढ्यात मागून तो आवाज आला. एसटीचा हॉर्न ज्याला माहीत नाही त्याने महाराष्ट्र पाहिला नाही. आजोबांनी माझ्या खांद्यावर दोन थापा मारल्या. हेल्मेटवर पण एक.

"थांबवा, थांबवा! राहू द्या पाव्हणं, एसटी आली."

मी म्हटलं आजोबा वाडा आता जवळच आहे. "म्हून तर," म्हणाले, "आज पोचाय पायजे." उतरले, घमेलं काढलं (तेव्हा कळलं पाठ केवढी दुखत होती), आणि रस्त्यात उभं राहून हात केला. लाल गाडी थांबली. वळणावर! माझ्यासाठी कधी स्टँडवर थांबली नाही, नऊ नंबरच्या फलाटावर मी पळत असताना निघून गेलेली आहे, आणि इथे ड्रायव्हरने हसून काच खाली केली, "काय बाबा, आज फटफटीवर?"

"सोलापूरचं हायती," आजोबा म्हणाले. "भ्यात्यात."

अख्खी एसटी खिडक्यांतून माझ्याकडे बघत होती. एका पोराने तर टाटा केला. माझ्या गुडघ्यांना नी-गार्ड, हातात ग्लोव्हज, छातीवर कॅमेऱ्याचा पट्टा, आणि भ्यात्यात.

मी आपलं सावरून घ्यायला म्हटलं, आजोबा उगाच तिकिटाचे पैसे घालवताय. तर म्हणाले, "मला कुठलं तिकीट? पंच्याहत्तरी झाली माजी." खरंच की. 2022 पासून 75 च्या वरच्यांना एसटी फुकट आहे. म्हणजे माणूस फुकट सोडून फुकटात गेला, निव्वळ दर्जा बघून! आणि पायरीवर चढता चढता परत वळले, बंडीच्या खिशातून दहाची नोट काढली, माझ्या ग्लोव्हमध्ये कोंबली. "पेट्रोलला."

नको म्हणेपर्यंत दार लागलं होतं.

पुढे एसटी दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्या मागेच उतरलो. ओव्हरटेक करायला जागाच नाही, सगळा डिझेलचा धूर माझ्या तोंडात, आणि मागच्या काचेतून ते टाटावालं पोरगं. एसटी वळणं अशी घेत होती की बघणाऱ्याला गरगरावं, आणि आत आजोबा उभेच, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातात घमेलं. गाडी जिकडे वाकेल तिकडेच वाकत होते. मी नीट बघितलं. तिकडेच!

वाड्याला पोचलो तर आमची पोरं टपरीवर बसलेली आणि मध्ये आजोबा. माझ्या डब्याची पिशवी ह्यांच्याच गाडीला होती, ती उघडून कडक भाकरी आणि शेंगा चटणी आजोबांपुढे मांडलेली, आणि आजोबा चटणीचा तोबरा भरून हातवारे करत काहीतरी सांगतायत. हातवारे वळणांचेच होते, ते लांबूनही कळलं.

"कुठं मेलतास बे?" पोरं म्हणाली. "म्हातारं येऊन चहा पिऊन झाला की."

"चटणी झ्याक हाय पाव्हणं," आजोबा म्हणाले. माझ्याशी तेवढंच बोलले.

पोलादपूर झालं, मासे झाले, काटा पण लागला घशात, त्याचं काही वाटलं नाही. पण आता ग्रुपवर पुढचा बेत चाललाय, अणुस्कुरा घाट म्हणतायत. मी लिहिलं, येतो, पण ह्या वेळेला मला कुणी मागे टाकून जायचं नाही. त्यावर सगळ्यांचे अंगठे आले, आणि खाली एकाने लिहिलं, सोडत नाही बे, तुझ्यासाठी एसटीचं टाइमटेबल काढून ठेवलंय.