खुलासा : ‘स्टार ट्रेक’ आणि दहा लाख पत्रं

‘स्टार ट्रेक’ ही एनबीसी या अमेरिकी वाहिनीवरची १९६०च्या दशकातली विज्ञानकथा मालिका दुसऱ्या हंगामानंतर बंद पडणार, अशी चर्चा होती. ‘चाहत्यांनी आपणहून दहा लाख पत्रं लिहिली आणि स्टार ट्रेक वाचवली’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. तो अर्धवट आहे.

डिसेंबर १९६७ ते मार्च १९६८ मधल्या पत्रांचा एनबीसी वाहिनीने जाहीर केलेला आकडा सुमारे १,१६,००० होता. दहा लाख हा आकडा वाहिनीच्याच एका अधिकाऱ्याच्या सांगण्यातला. मोहीम आपोआप पेटली, हेही खरं नाही. बीजो आणि जॉन ट्रिम्बल या दांपत्याने ती जीव ओतून उभी केली, पण निर्माते जीन रॉडनबेरी यांची तिला आतून साथ होती. जानेवारीत कॅल्टेक या कॅलिफोर्नियातल्या तंत्रज्ञान संस्थेचे दोनशेवर विद्यार्थी एनबीसीच्या बरबँकमधल्या स्टुडिओवर मोर्चा घेऊन गेले. एका फलकावर लिहिलं होतं, ‘व्हल्कन पॉवर’! (व्हल्कन म्हणजे मालिकेतली परग्रहावरची जमात.)

१ मार्चला वाहिनीने भाग संपताच मालिका तिसऱ्या हंगामातही चालू राहणार असं जाहीर केलं. मात्र खर्चाला कात्री लावली, वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची. तरुण प्रेक्षक तेव्हा घरी कुठला? १९६९ मध्ये ७९ भागांवर मालिका बंद झालीच.

तरी चाहत्यांचं श्रेय मोठंच आहे. तिसऱ्या हंगामामुळे स्थानिक वाहिन्यांना पुनःप्रक्षेपणासाठी विकण्याइतके भाग जमले, आणि मालिका घराघरांत पोचली ती तिथून.