वीस तारखेला तरी मला एकटीला सोडा रे

जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख वीस, हे २०१७ पासून आमच्या ऑफिसातल्या शिपायालापण पाठ झालंय. तरी नेमकं अठरा, एकोणीस, वीसलाच सगळ्यांचं माझ्याकडे "दोन मिनिटांचं काम" कसं काय निघतं?

जरा सांगते मी काय करत असते ते. चौदा तारखेला पोर्टलवर २बी, म्हणजे सप्लायर लोकांनी चढवलेल्या बिलांची यादी येते, मग पार्टीची, म्हणजे आमच्या क्लायंटची, खरेदी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढून त्या यादीशी बिल टू बिल जुळवायची. कुठे सप्लायरने बिल चढवलेलंच नसतं, कुठे आमच्याच पोराने जीएसटी नंबरात झिरोच्या जागी ओ मारलेला असतो, कुठे एकच बिल दोनदा. समजा अठरा हजार दोनशेचा फरक येतोय, तर तो आकडा डोक्यात धरून, यातले नऊ हजार इथे सापडले, उरलेले कुठे, असं करत करत शेकडो लाइनी खाली जायचं असतं. आणि अगदी सापडत आलं की मागून आवाज, "मॅडम, प्रिंटरमध्ये कागद संपलाय वाटतं." गेलं सगळं! परत वरपासून!

माझी जागा प्रिंटरशेजारी, हे एक वेगळंच दुखणं. प्रिंट निघेपर्यंत माणूस उभा राहतो, आणि उभ्या माणसाला गप्प बसवत नाही. कुणाची सासू, कुणाचा ईएमआय, कुणाला हिंजवडीला किती ट्रॅफिक लागला, सगळं माझ्या कानात. हेडफोन घातले तर खांद्यावर टकटक करतात. सर म्हणतात, आपल्याकडे ओपन कल्चर आहे, कुणीही कुणाकडेही कधीही जावं. स्वतः केबिनमध्ये दार लावून बसतात, एसी लावून!

परवा तर हद्द झाली. एकाने मेल टाकला, मेल टाकलाय हे सांगायला व्हॉट्सअॅप केलं, ते बघितलं नाही म्हणून फोन केला, फोन उचलला नाही म्हणून स्वतः येऊन खुर्चीपाशी उभा, मला वाटलं नोटीस आली की काय कुठल्या पार्टीला. तर विचारतोय काय, पिकनिकला व्हेज लिहू का नॉनव्हेज? आणि हाच माणूस ग्रुपवर प्रत्येक मेसेजला अंगठा दाखवतो म्हणून सरांच्या मते "ॲक्टिव्ह". त्याची राहिलेली रिटर्न्स संध्याकाळी कुणाच्या टेबलावर येतात ते विचारा की कधीतरी. रिटर्न लेट झालं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, टॅक्स बाकी असेल तर वर १८ टक्क्यांनी व्याज, आणि पार्टीच्या शिव्या मला. अंगठ्याला कुणी काही बोलत नाही.

बरं, यावर ऑफिसने उपाय काय काढला, तर टाइम मॅनेजमेंटचं सेशन. एकोणीस तारखेला! अख्खी दुपार! तो ट्रेनर सांगतो, महत्त्वाचं काम करताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. अरे बाबा, पार्टीचा ओटीपी मग काय भिंतीला विचारू?

आणि ओटीपीवरून आठवलं, ही पार्टी जमात म्हणजे तर... सकाळपासून "झालं का मॅडम", "किती भरायचे मॅडम", "जरा कमी बसतंय का बघा ना", बिलं मात्र काल रात्री पाठवलेली, तीपण अर्धी आडवी फोटो काढून. आता रात्रीचे साडेनऊ वाजलेत, पोर्टल रडत रडत एकदाचं उघडलंय, चलन भरून झालंय, फाइल करायला फक्त त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी पाहिजे, तर फोन उचलत नाहीत. रिंग पूर्ण जातेय, मग कट करतायत. शेवटी मेसेज आला, "लग्नात आहे मॅडम, उद्या सकाळी चालेल का?"

नाही चालत!!