११-० आणि तळातली डिव्हिजन

परवा फुटबॉलची मॅच आम्ही ११-० हरलो. आकडा आधीच सांगून टाकते, कमेंटमध्ये कुणी खोदून विचारायला नको.

मी स्टॉपर खेळते, म्हणजे गोलसमोरची मधली बचावपटू. वय ३६, नोकरी, घरी एक लेक. परळच्या टर्फवर ऑफिसच्या मैत्रिणींसोबत पाच-पाच जणींचं खेळता खेळता अकरा जणींची टीम झाली. समोर होत्या अकॅडमीत घडलेल्या कॉलेजच्या पोरी. त्यांच्या लेफ्ट विंगरला (डाव्या कडेने हल्ला करणारीला) मी फक्त पाठमोरी ओळखते. अकराव्या गोलनंतर त्यांनी हल्ला थांबवला आणि आपापसात पास देत बसल्या. ते गोलांपेक्षा जास्त झोंबलं. मॅच संपल्यावर तीच विंगर म्हणाली, "काकू, पाणी घ्या." तिथे मी बारावा गोल खाल्ला.

घरी आई म्हणाली, "एवढं खाऊन आलीस, आता पान मांडू की नको?"

दोष त्या पोरींचा नाही, आमचाही नाही. मुंबईत पुरुषांच्या फुटबॉलला सुपर, फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी ताकदीनुसार डिव्हिजनची उतरंड आहे. आम्ही खेळलो त्या स्पर्धेत मात्र सगळ्या बायका एकाच टोपलीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "टीमच कमी आहेत हो, डिव्हिजन कशाला?"

अहो, टीम कमी का आहेत? ११-० नंतर पुढच्या रविवारी तिघींना 'काम निघतं'. अकराच्या आठ होतात. मग एकीचा पाय मुरगळतो, एकीकडे पाहुणे येतात. नियमाने सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर मॅच सुरूच होत नाही. वॉकओव्हर, म्हणजे न खेळताच समोरची टीम जिंकते. असे दोन वॉकओव्हर दिले की टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप फक्त वाढदिवसांपुरता उरतो.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली होती, ती पन्नासेक वर्षं. आज तिथे पाचव्या-सहाव्या पायरीला प्रादेशिक लीग आहेत, त्यांतही प्रीमियर डिव्हिजन आणि डिव्हिजन वन. त्याखाली पुन्हा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या लीग. आपली इंडियन वुमन्स लीग २०१६-१७ ला सुरू झाली आणि तिच्या खालची आयडब्ल्यूएल २ यायला २०२३-२४ उजाडलं. जिना वरून खाली बांधायची आपली रीतच असावी.

"तगड्यांशी खेळूनच शिकता येतं," असं नवरा म्हणतो. ३-० ने हरले तर शिकेनही. ११-० मध्ये बॉल फक्त जाळ्यातून काढायला हाती लागतो. माझा मामा लालबागला कबड्डी खेळायचा. त्याचा संघ 'ब' गटातून वर चढला तेव्हा गल्लीत ताशा वाजला होता. 'ब' गटाची लाज कुणालाच नव्हती.

मागणं मोठं नाही. खालच्या डिव्हिजनला सहा टीम, प्रत्येकीशी दोनदा. एकूण तीस मॅच, प्रत्येक टीमला दहा. वरच्या दोन टीम चढतील, वरून दोन उतरतील. आम्ही उतरलो तर पेढे मी वाटेन. (कपडे बदलायच्या सोयीबद्दल वेगळी पोस्ट लिहीन, आत्ता रक्तदाब सांभाळतेय.)

रविवारी पुढची मॅच. किपरने ग्रुपवर विचारलंय, कोण कोण येतंय? आत्तापर्यंत आठ अंगठे आलेत. त्यातला एक फिजिओचा आहे.