खुलासा: करडा चिखल्या हा रंग उतरलेला सोन चिखल्या नव्हे

'सोन चिखल्याचा सोनेरी रंग हिवाळ्यात उतरला की त्यालाच करडा चिखल्या म्हणतात', असा मजकूर सध्या या किनारी पक्ष्यांच्या छायाचित्रांसह फिरत आहे. तो चुकीचा आहे. या दोन स्वतंत्र जाती असून निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने करड्या चिखल्याचे शास्त्रीय वर्णन 1758 मध्ये, तर निसर्गशास्त्रज्ञ ग्मेलिनने सोन चिखल्याचे 1789 मध्ये केले.

गैरसमजाचे कारण मात्र समजण्याजोगे आहे, कारण आर्क्टिक टुंड्रात, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या वृक्षहीन थंड प्रदेशात, वीण करणाऱ्या या दोघांच्याही पोटाचा काळा रंग आपल्या किनाऱ्यावरील मुक्कामात बहुतांशी गेलेला असतो, आणि करड्याच्या पिल्लावस्थेतील पिसांवर पिवळसर झाक असल्याने अनुभवी निरीक्षकही क्षणभर फसतो. म्हणून बसलेल्या पक्ष्याच्या रंगावर विसंबू नये. तो उडाला की करड्याच्या पंखांखाली, काखेत, ठळक काळा डाग आणि शेपटीच्या वर पांढरा पट्टा दिसतो. सोन चिखल्याला यांपैकी काहीच नसते, त्याच्या पंखांची खालची बाजू एकसारखी धुरकट असते. करड्याची चोचही अधिक जाड असते. तो प्रामुख्याने भरती-ओहोटीच्या चिखलावर राहतो, तर सोन चिखल्या माळरानावर आणि शेतातही उतरतो.