टीव्हीशेजारचा दहावा ग्रह

नवं फायबर कनेक्शन घेतलंत? अभिनंदन. आता एक पथ्य पाळा. टीव्हीच्या बाजूला जो पांढरा डबा, म्हणजे राउटर, बसवून गेलेत, त्याच्याशी सलगी करू नका. वीज तुमची, भिंत तुमची, डिपॉझिट तुमचं, ड्रिल मारताना पडलेला पोपडाही तुमचाच. डबा मात्र त्यांचा. जावयाला आपण दहावा ग्रह म्हणतो ते उगाच नाही. घरातली मोक्याची जागा त्याला द्यायची, उन्हाची तिरीप लागू द्यायची नाही आणि तो करेल ते गोड मानून घ्यायचं.

पहिली आगळीक बहुतेक जण पहिल्याच रविवारी करतात. जेवणं आटोपली की ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता, १९२.१६८.१.१, टाकतात. पत्ता आपल्याच घरातला, डोकावून बघायला काय हरकत आहे, असा भाबडा विचार. पासवर्ड डब्याच्या पोटाला चिकटवलेला असतो, म्हणून त्याला उताणा करायचा, मोबाईलचा टॉर्च मारायचा आणि ‘ओ’ कुठला, शून्य कुठलं ते ताडायचं. एवढं करून आत गेलात की डीएनएसचा रकाना दिसतो. पण करडा. टिचकी मारा, कर्सर लुकलुकत नाही. मी तिथे दुसऱ्या कंपनीच्या डीएनएसचा पत्ता, १.१.१.१, लिहिण्यासाठी वीस मिनिटं झटलो होतो. बायकोने शेवटी विचारलं, कुणाला फोन लावताय का.

तसं ते फोनचंच काम. डीएनएस ही इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी, नावावरून नंबर सांगणारी. ती कुणाची वापरायची हे तुम्ही कशाला ठरवता? कंपनीची वापरलीत की तुम्ही कुठल्या साइटवर कधी गेलात याची नोंद तिच्याकडे आपसूक राहू शकते. विसरभोळ्या माणसाला केवढा आधार! काही चलाख लोक लॅपटॉपवरच डीएनएस बदलतात. पण साधी डीएनएसची विचारणा पोर्ट ५३ या ठरलेल्या दारातून उघड्या पोस्टकार्डासारखी जाते. वाटेत ती उचलून स्वतःच उत्तर धाडणं कंपनीला मुळीच जड नाही. पत्र मावशीला, उत्तर नाक्यावरच्या माणसाचं.

कस्टमर केअरला फोन केलात तर प्रश्न सोपा विचारा. ‘लाल दिवा लागलाय’ हा सुसंस्कृत प्रश्न. ‘ब्रिज मोड करून द्याल का?’, म्हणजे डब्याने नुसता पूल व्हायचं आणि कारभार आपल्या राउटरने बघायचा, हा अभद्र. मी विचारला. पलीकडे थोडी शांतता, मग: ‘सर, आपण मोडेम एकदा बंद करून चालू केलात का?’ पुन्हा विचारल्यावर कळलं की ते बॅकएंडवरून होतं. हे बॅकएंड कुठे आहे ते आजवर कुणी पाहिलेलं नाही. तक्रार मात्र ‘सोडवली’ म्हणून मेसेज आला. दुसऱ्या दिवशी आलेला मुलगा भला होता. चहा घेता घेता म्हणाला, ‘काका, सुपर अ‍ॅडमिनचा पासवर्ड आम्हालाही देत नाहीत.’

मग बाजारातून स्वतःचाच राउटर आणावा असं मनात येईल. आणा, शोभेला बरा दिसतो. पण फायबरच्या पलीकडच्या टोकाचं यंत्र डब्याला सीरियल नंबरावरून ओळखतं, आगंतुकाला दारात उभं करत नाही. तेव्हा तुमचा राउटर जावयाच्या मागे पाट मांडून बसणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्याचं भाषांतर घरातच दोनदा होणार.

गावच्या घराचा कॅमेरा पुण्यातून बघायचा आहे? हौस आवरा. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि आशिया-पॅसिफिकचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. चाळीचा पत्ता एक, पत्र मॅनेजरपाशी येतं आणि खोली नंबर लिहायची सोयच नाही. डब्यातला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असला तर समजा, तुम्ही चाळीत आहात. पोर्ट फॉरवर्डिंगचं, म्हणजे बाहेरून आलेलं पत्र घरातल्या ठरावीक यंत्राकडे धाडण्याचं, पान दिसतं, नियम भरता येतो, सेव्हही होतो. पत्र येत नाही एवढंच. स्वतंत्र खोली हवी तर स्टॅटिक आयपीचे, म्हणजे फक्त तुमच्या, न बदलणाऱ्या पत्त्याचे, वेगळे पैसे मोजा. आयपीव्ही६ या नव्या, मुबलक पत्त्यांच्या पद्धतीने हा तिढा सुटला असता, पण तिच्या फायरवॉलचा, म्हणजे बाहेरच्यांना अडवणाऱ्या पहारेकऱ्याचा, रकाना, ओळखलंत ना, करडा.

हे सगळं तुमच्या सुरक्षिततेसाठीच आहे, असं ते सांगतील. त्यात तथ्यही आहे, हे कबूल करायला हवं. आमच्या सोसायटीत वायफायचा पासवर्ड फ्लॅटचा नंबर दोनदा लिहून ठेवणारे तिघे तरी निघतील. म्हणून किल्ली कंपनीपाशी. फक्त २७ नोव्हेंबर २०१६ ची आठवण काढू नका. त्या दिवशी जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं. राउटरला दुरून हुकूम सोडण्यासाठी कंपन्या वापरतात त्या पोर्ट ७५४७ वरच हल्ला झाला होता. चोर आत शिरले नाहीत, पण त्यांच्या धडकांनीच डबे आडवे झाले. त्याच देशात १ ऑगस्ट २०१६ पासून कायदा आहे की घरात राउटर कुठला लावायचा ते ग्राहकाने ठरवायचं. तिकडे राहणारा माझा चुलतभाऊ दुकानातून आपल्या पसंतीचा डबा आणतो आणि स्वतःच त्यात आकडे भरतो. बिचाऱ्याला सगळं हाताने करावं लागतं.

आपल्याकडे रात्री पावणेतीनला सगळे दिवे एकदम विझतात, मग एकेक करून लागतात. अपडेट. सकाळी वायफायचं नाव कारखान्यातलं झालेलं असतं, आणि २.४ व ५ गिगाहर्ट्झची वेगळी नावं एकत्र नांदायला लागलेली. गिझरच्या स्मार्ट प्लगला फक्त २.४ कळतं, त्यामुळे तो रुसून बसतो. त्या दिवशी पाणी गॅसवर तापवा.

फारच असह्य झालं तर कंपनी बदला. जुना डबा न्यायला मुलगा येईल, अडॅप्टर आहे ना ते आधी बघेल, नसला तर डिपॉझिटमधून कापतील. तो गेल्यावर टीव्हीशेजारी धुळीत एक स्वच्छ चौकोन उरतो. तो पुसू नका. नव्या कंपनीचा डबाही साधारण तेवढाच असतो.