बाईच्या पुस्तकावर बोलायला उभं राहण्यापूर्वी

परवा आमच्या वाचनालयात एका पुस्तकावर चर्चा झाली. वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे दोन कपाटं, एक पंखा आणि अनुदानाची वाट. पुस्तक कथांचं, लिहिणारी शेजारच्या गावची. बोलायला जिल्ह्याहून एक निवृत्त प्राध्यापक आले, शाल-नारळ घेतलं आणि पाऊण तास बोलले. मी तिथली ग्रंथपाल. त्या पाऊण तासात जे शिकले ते एकटीपाशी ठेवणं बरं नाही. उद्या तुमच्या गावातही एखादी बाई पुस्तक काढेल आणि बोलायला तुम्हालाच बोलावतील. तर घ्या.

पुस्तक वाचू नका. अगदीच लाज वाटली तर प्रस्तावना वाचा. एसटीत बायकांना तिकीट अर्धं, तेव्हा त्यांची पुस्तकंही अर्धीच वाचली तर नियमात बसतं.

सुरुवात आईपासून करा. स्वतःच्या. तिचं जातं, तिच्या ओव्या, तिच्या हातची भाकर. वीस मिनिटं सहज निघतात आणि पुस्तकाला हातही लावावा लागत नाही.

मग लेखिकेच्या नवऱ्याला उभं करा. ‘यांनी लिहू दिलं म्हणून आज हा दिवस दिसला,’ म्हणा आणि टाळ्या घ्या. आमच्या लेखिकेचा नवरा तेव्हा मागे सतरंज्या आवरत होता. बिचारा एक सतरंजी हातात धरूनच उभा राहिला. फोटोत तसाच आलाय.

‘लेखन स्त्रीवादी असूनही आक्रस्ताळं नाही’ हे वाक्य पाठ असू द्या. कुठेही चालतं.

कथेतली बाई म्हणजे लेखिकाच, हे मात्र विसरू नका. पुरुषानं लिहिली तर ती निर्मिती, बाईनं लिहिलं की ते तिच्या घरातलं भांडण. पुस्तकात एक कथा आहे. नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलेलं. कर्ज बिनपरवान्याच्या सावकाराचं, म्हणून मदतीच्या कागदावर ‘अपात्र’ असा शेरा. तेराव्यानंतर ती कापूस वेचणीला जाते. कमरेला फडकं बांधून पऱ्हाटीतून वाकून चालते, वाळक्या बोंडांनी नखांजवळची कातडी सोलली जाते, आणि संध्याकाळी काट्यावर मालक ‘सकाळचं दव होतं’ म्हणून वजन कापतो. त्या कापलेल्या वजनावर ती बाई काही बोलत नाही, फक्त काट्याकडे बघत राहते. अख्खी कथा त्या बघण्यात आहे. आणि सर काय म्हणाले? चष्मा काढून, आवाज ओला करून लेखिकेला म्हणाले, ‘ताई, हे सगळं तुम्ही कसं सोसलं?’

अहो, नवरा मागे उभा होता! दहा मिनिटांपूर्वी तुम्हीच उभा केला होता! हातात सतरंजी घेऊन!

शेतकरी आत्महत्येवर कादंबरी लिहिणाऱ्या पुरुषाला कोणी विचारतं का, की तुम्ही औषध कधी घेतलं होतं? त्याच्या वेळेस ‘कृषिसंस्कृतीचं शोकपर्व’ म्हणता, आणि बाईनं लिहिलं की ‘मन मोकळं केलं’. ही खोड आजची नाही. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावानं कथा आल्या, तेव्हाही कथांपेक्षा ही बाई कोण आणि कोणाची, याचाच शोध जास्त घेतला गेला.

इतिहास सांगा, पण घाईत. सर ‘पुण्याच्या ताराबाई शिंदे’ म्हणाले. पुस्तक पुण्यात छापलं, सर, १८८२ साली, ५०० प्रती. बाई बुलडाण्याची. तुमच्या-आमच्या जिल्ह्याची. पुरुषांना जाब विचारणारी ही ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली म्हणून एवढा गिल्ला झाला, की जोतीराव फुल्यांना आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत तिची बाजू घ्यावी लागली. तिचं दुसरं पुस्तक निघालं नाही. हे पुस्तकही लोक विसरले, ते १९७५ साली पुन्हा छापलं गेलं. तुमच्यासारखेच कोणीतरी तेव्हाही उभे राहून बोलले असतील.

‘आता साहित्यात बायकांचंच राज्य’ असं म्हणून हसा. पहिलं साहित्य संमेलन १८७८ चं. पहिली बाई अध्यक्ष १९६१ साली, कुसुमावती देशपांडे, आपल्या अमरावतीच्या आणि स्वतः समीक्षक. पहिल्या ९८ संमेलनांत अध्यक्ष बायका सहा. असं राज्य!

यवतमाळचं नाव घ्या. २०१९ च्या संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं, शेतकऱ्याची विधवा, केवढ्या टाळ्या पडल्या. पण तशी बाई कथेत आली की म्हणा, ‘विषय जरा तोच तो वाटतो’.

पुस्तक वाचलेल्या बाईला आभाराला ठेवा. दोन मिनिटं. मी दोन पानं लिहून नेली होती, हातात धरून धरून ती चुरगळली. शेवटच्या दोन कथा घाईत उरकल्यात, हे मला सांगायचं होतं. राहिलं. ते सांगितलं चहाच्या वेळी वेचणीला जाणाऱ्या एका मावशीनं, थेट लेखिकेला: ‘गोष्ट चांगली हाये बाई, पण एका दिवसात ८० किलो कोण वेचते वो? तू कधी वेचला का?’ लेखिकेनं पिशवीतून पेन काढला आणि तिथंच समासात खूण केली. पाऊण तासात तिनं पेन काढल्याचं मी पाहिलं नव्हतं.

सर, कौतुक नको होतं हो. भोंगळ कौतुक तर मुळीच नको होतं. चूक काढायची होती, वाद घालायचा होता, पान उघडून ‘हे पटत नाही’ म्हणायचं होतं. बाईला कवेत घेऊन रडायला तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही तिचा अपमान केला आणि ते तुम्हाला कळलंही नाही, कारण वाचायचे कष्टच घेतले नाहीत. चाळीस वर्षं पोरांना मराठी शिकवली ना तुम्ही?

शाल घेऊन गेलात, पुस्तक टेबलावर विसरलात. आत एसटीचं तिकीट होतं, पान ११ वर. काट्याची कथा ५७ पासून सुरू होते. तिकीट मी हलवलेलं नाही. वाचनालय दुपारी तीन ते सहा उघडं असतं.